बी.फार्म.मधली एटीकेटी कुठवर?

बी.फार्म.मध्ये विषय राहिला म्हणून लगेच वर्ष वाया जात नाही; राहिलेला विषय घेऊन पुढच्या सत्रात जाता येतं, हीच एटीकेटी. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या नियमांनुसार थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण आणि ८० टक्के हजेरी लागते. नापास झाल्यास सत्राची अंतिम परीक्षा पुन्हा देता येते. अंतर्गत गुण मात्र आधीचेच धरले जातात. थिअरीच्या १०० पैकी २५ गुण अंतर्गत असतात, म्हणून सत्रादरम्यानच्या सेशनल परीक्षा हलक्यात घेणं महागात पडतं. सेशनलचे गुण सुधारायची संधी एकदाच मिळते.

खरी अडचण पाचव्या सत्राच्या दारात येते. पहिल्या दोन सत्रांचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. सातव्या सत्रासाठी पहिली चारही सत्रं पूर्ण हवीत. नियम कठोर वाटतो, पण रास्त आहे. शरीरक्रियाशास्त्र कच्चं ठेवून औषधशास्त्र कसं कळणार? पुढे औषधांच्या कामात चूक झाली तर ती रुग्णाला भोवते.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, मुदत दुप्पट म्हणजे आठ वर्षं. त्यात पूर्ण न झाल्यास नव्याने नोंदणी करावी लागते. पालकांनो, पाल्याचा पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल, तर तोच आधी सोडवायला लावा.