पंखांची खालची बाजू

गेल्या जुलैत स्वित्झर्लंडला असलेल्या माझ्या पुतणीने आल्प्सच्या उंच कुरणातून एक फोटो पाठवला. ‘काका, हे कोणतं फुलपाखरू?’ जेमतेम नखाएवढं, निळसर, पंख उघडून बसलेलं. ओपीडीच्या गर्दीतच मी उत्तर दिलं, ‘कॉमन ब्लू.’ निदान चुकलं.

निळा रंग म्हणजे आमच्याकडचा ताप. ते लक्षण झालं, निदान नव्हे. युरोपात अशी छोटी निळी फुलपाखरं डझनावारी आहेत. शिवाय हा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पंखांवरच्या खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो दिसतो. कोन बदलला की छटा बदलते. कित्येक जातींत मादी तर तपकिरीच असते.

म्हणून रुग्णाला कुशीवर वळवून पाठ तपासतो, तशी पंखांची खालची बाजू पाहावी. कॉमन ब्लूच्या मागच्या पंखाखाली कडेला नारिंगी ठिपक्यांची रांग असते. पुतणीने नंतर पाठवलेल्या फोटोत ती नव्हती. होते मोठे पांढरे ठिपके, बहुतेकांच्या मध्यभागी काळा बिंदू नाही. पहिला फोटो पुन्हा पाहिला, तर रंग चंदेरी निळा आणि कडा रुंद, तपकिरी. हा आर्क्टिक ब्लू. शास्त्रीय नाव अ‍ॅग्रिआडिस ग्लँडन, फ्रेंच आल्प्समधल्या ग्लँडन खिंडीवरून पडलेलं.

मग ‘हिस्टरी’ घ्यायची: ठिकाण, उंची, महिना, आसपासची झाडंझुडपं. आल्प्समध्ये याची अळी अँड्रोसेस आणि सोल्डानेला या प्रिमरोझच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढते. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या तिच्या भाईबंदांचं खाणं वेगळं. काही तज्ज्ञ त्यांना स्वतंत्र जातच मानतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? हवा तापू लागली की थंडीतले जीव डोंगरावर वर सरकतात, पण शिखराच्या वर जागाच नसते. कोणती जात कुठे, किती उंचीवर दिसली, या नोंदींतूनच हे कळतं. नाव चुकलं तर एकाचा केसपेपर दुसऱ्याच्या नावे लागतो.

तेव्हा फुलपाखरू दिसलं तर पकडू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि तारीख, उंची, जवळची वनस्पती लिहून ठेवा.

चूक कळवल्यावर पुतणीने विचारलं, ‘काका, पेशंटलाही एकाच फोटोवरून औषध देता का?’