शेगडीपर्यंत न पोचणारा गॅस

आज आपण शेजारच्या बांगलादेशात, ढाक्याच्या स्वयंपाकघरांत डोकावू. तिथे लाखो घरांत पाइपचा गॅस आहे. १९६२ साली तितास नदीच्या भागात गॅसचा मोठा साठा सापडला. ढाक्याला गॅस पुरवणाऱ्या सरकारी कंपनीचं नावही तितासच.

पण तिथल्या कितीतरी बायका मध्यरात्री उठून दुसऱ्या दिवसाचा भात-कालवण रांधून ठेवतात, कारण दिवसा शेगडीला दाबच नसतो. बिल भरायचं ते भरायचंच, वर सिलिंडरही विकत आणायचा. देशातले साठे उतरणीला लागलेत, हे एक कारण झालं. पण पाइपात सोडलेला गॅससुद्धा सगळा शेगडीपर्यंत पोचत नाही.

आपल्या दूध केंद्राचं उदाहरण घ्या. सकाळी शंभर लिटर मोजून घेतलं आणि टँकरमध्ये नव्वदच भरलं. मग दहा लिटर सांडलं, कुणी पळवलं, की मापातच खोट? गॅसचंही तसंच आहे. गळती, चोरी आणि चुकीचं माप मिळून जो तुटवडा होतो, तो हिशेबाबाहेरचा गॅस. बांगलादेशची अडचण अशी की बहुतेक घरांत मापच नाही.

जून २०२२ मध्ये तिथे दोन बर्नरच्या शेगडीला महिना १०८० टका असा दर ठरला. घनमीटरला १८ टका, आणि अशी शेगडी महिन्याला ६० घनमीटर जाळते असं कागदावर धरलेलं. तुम्ही वीस जाळा नाहीतर शंभर, बिल तेच. काडीपेटीला पैसे पडतात, जास्तीच्या गॅसला पडत नाहीत. म्हणून शेगडी तेवतच ठेवायची, पावसाळ्यात ओले कपडेही तिच्यावर वाळवायचे. यावरून बायकांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्याचा हिशेब कुणी मागतच नाही, ते कोण जपून वापरेल? शिवाय एखादं घर खरं चाळीसच घनमीटर जाळत असेल, तर कागदावरच्या उरलेल्या विसात चोरीचा गॅस बेमालूम दडतो.

चोरी वाढली त्यालाही कारण आहे. २०१० च्या सुमारास सरकारने घरगुती नव्या जोडण्या थांबवल्या. मधे काही काळ दिल्या, पुन्हा बंद केल्या. घरं मात्र बांधली जातच राहिली. मग दलालाला पैसे द्यायचे आणि लाइन जोडून घ्यायची. हलका पाइप, कच्चा सांधा. पथक येऊन तोडतं, ते गेलं की पुन्हा जोडली जाते.

आणि गळती म्हणजे नुसतं पैशाचं नुकसान नव्हे. ४ सप्टेंबर २०२० च्या रात्री ढाक्याजवळ नारायणगंजच्या एका मशिदीत नमाजाच्या वेळी स्फोट झाला. तीसहून अधिक माणसं गेली. आधी वाटलं, एसी फुटले. खोदल्यावर जमिनीखालच्या गॅसच्या पाइपला गळती सापडली. बंद जागेत गॅस साचत गेला होता.

यावर उपाय काय? वस्तीत शिरणाऱ्या मुख्य पाइपला एक मीटर लावायचा आणि घरोघरच्या मीटरांची बेरीज त्याच्याशी ताडून बघायची. फरक मोठा असेल तिथे आधी खोदायचं. नाहीतर अख्खं शहर खणून काढावं लागेल. गंजलेले लोखंडी पाइप काढून पिवळे प्लास्टिकचे घालायचे. रात्री मागणी कमी असताना दाब उतरवला की गळती कमी होते, असंही जाणकार सांगतात. पण ढाक्यात रात्रीच तर स्वयंपाक चालतो!

घरोघरी मीटर लावायचं काम मात्र सुरू झालं आहे. जपानच्या मदतीने आधी दोन लाख प्रीपेड मीटर बसले. मोबाइलसारखा रिचार्ज मारायचा, जळेल तेवढेच पैसे कापले जातात. अनेक घरांचा खर्च त्यामुळे ठरलेल्या बिलाच्या खाली आला. पण तितासचे घरगुती ग्राहक २८ लाखांच्या आसपास आहेत, तेव्हा मोठं काम अजून बाकीच आहे.

मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे, त्यांच्या घरी मीटर असतो. शेगडी आणि गिझर, सगळं बंद असताना त्याचे आकडे फिरताना दिसले, तर गळती आहे असं समजा. हा गॅस हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, गॅसचा कॉक बंद करा, दिव्याचं बटण चालू-बंद करू नका आणि तक्रारीचा फोन घराबाहेर जाऊन करा.