पडदा थांबायला शिकला

नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, सारंगखेडा गाव आहे. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. परराज्यांतूनही घोडे येतात. घेणारा आधी दात बघतो, खूर बघतो आणि मग चाल दाखवायला सांगतो. घोडा सुटला की बाजारातल्या जाणत्या माणसालाही एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही: धावताना चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का? आणि सोडत असतील तर नेमके कधी?

१८७८ च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनं मांडले. घोडी दौडत पुढं गेली तसा एकेक कॅमेरा उघडत-मिटत गेला. चित्रं हाती आली तेव्हा उत्तर मिळालं. चारही पाय खरंच अधांतरी असतात. पण चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या दाखवत आले तसे ते पुढं-मागं ताणलेले नसतात. पोटाखाली गोळा झालेले असतात. हालचालीचे तुकडे करणं माणसाला जमलं, आणि लवकरच ते तुकडे भराभर दाखवून हालचाल पुन्हा उभी करणंही जमलं. सिनेमा, दूरचित्रवाणी, संगणकावरचे खेळ हे सगळं त्याच कसबावर उभं आहे. यातला मूळ प्रश्न मात्र तेव्हापासून तोच आहे: पुढचा तुकडा कधी दाखवायचा, हे कुणी ठरवायचं?

आरंभी ते माणसाचा हात ठरवायचा. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थांबून थांबून, एकेक फ्रेम घेत टिपली होती. रोपाचे कित्येक दिवस पडद्यावर काही क्षणांत उलगडले. म्हणजे दोन फ्रेममधलं अंतर हे चित्र घडवणाऱ्याच्या हातातलं साधन आहे, हे त्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधीच ओळखलं होतं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर टिपलेला होता. मूकपटांच्या त्या काळात सेकंदाला सोळाच्या आसपास फ्रेम घेतल्या जात, पण वेग हाताप्रमाणे कमीजास्त होई, आणि दाखवणाराही प्रसंग बघून यंत्र हळू किंवा जलद चालवी.

बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. चित्राचा वेग थोडा बदलला तर डोळा चालवून घेतो. आवाजाचा वेग बदलला तर गाणं बेसूर होतं आणि माणूस चिरक्या आवाजात बोलू लागतो. म्हणून ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, अशी पक्की चाल ठरली. एका फुटात सोळा फ्रेम, म्हणजे सेकंदाला बरोबर २४. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हे या शिस्तीच्या युगातले. पुढं दूरचित्रवाणी आली, तिनं आपलं घड्याळ विजेच्या तारेला बांधलं. आपल्याकडे घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून चित्रं सेकंदाला २५, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवलेला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते याच चालीवर. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडचे पडदे साठाच्या चालीवर गेले, आणि संगणकाच्या मॉनिटरनंही पुढं हाच साठाचा आकडा घेतला.

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली ओळी रंगवत यायचा आणि परत वर जायला त्याला थोडा अवकाश लागायचा. चित्राच्या संदेशात तेवढी रिकामी जागा ठेवलेली असे. पुढं एलसीडीचे सपाट पडदे आले. त्यांत झोत नाही, परत वर जाणं नाही. तरी संदेशातली ती रिकामी जागा तशीच राहिली. या बिनकामाच्या वाटणाऱ्या जागेकडे लक्ष असू द्या, कारण पुढची सगळी किमया तिथंच घडते.

सिनेमाचं चित्र आधीच तयार असतं. खेळाचं चित्र त्या क्षणी घडत असतं. तुम्ही माऊस हलवला की ग्राफिक्स कार्ड नवी फ्रेम रचायला घेतं: डोंगर कुठं, सावली कुठं, पाण्यात प्रतिबिंब कसं. मोकळं माळरान असेल तर फ्रेम ९ मिलिसेकंदांत होते. मध्येच धूर, गर्दी, स्फोट आला की तिलाच २१ लागतात. आणि ६० हर्ट्झचा पडदा मात्र दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो, तयार असो वा नसो.

यातून वाट काढायच्या दोनच रीती होत्या आणि दोन्ही उण्या होत्या. पहिली, फ्रेम तयार होताच पाठवून द्यायची. तेव्हा पडदा जुनं चित्र अर्धं रंगवून बसलेला असतो. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या फ्रेमचा, आणि मध्ये चित्र फाटल्यासारखी आडवी चीर. दुसरी रीत म्हणजे व्ही-सिंक. ती काय करते हे अक्कलकुव्याच्या स्टँडवर उभं राहिलेल्याला लगेच समजेल. एसटी वेळेवर सुटते. तुम्ही मिनिटभर उशिरा पोचलात तर पुढच्या गाडीपर्यंत थांबायचं, मग ती तासाभरानं का असेना. काळी-पिवळी जीप मात्र माणसं बसली की निघते. व्ही-सिंक ही एसटी आहे: १७ मिलिसेकंदांत झालेली फ्रेम १६.६७ ची वेळ चुकवते आणि थेट ३३.३ ला पडद्यावर जाते. सेकंदाला ६० चित्रं द्यायच्या बेतातलं कार्ड एकदम ३० वर येतं. खेळ अडखळतो, आणि हात हलल्यावर पडद्यावर त्याचा परिणाम दिसायला उशीर होतो.

मग पडद्यालाच काळी-पिवळीसारखं चालवलं तर? फ्रेम तयार होईल तेव्हा तो रंगवायला लागेल, तोवर थांबेल. करायचं एवढंच की ती जुनी रिकामी जागा हवी तेवढी ताणायची. नळीच्या पडद्याला हे परवडलं नसतं, कारण त्यावरचा उजेड क्षणात विझतो. एलसीडी मात्र दिलेलं चित्र धरून ठेवतं. इतकी साधी कल्पना सपाट पडदे घरोघरी पोचल्यावरही कितीतरी वर्षं कुणी विक्रीच्या वस्तूत उतरवली नव्हती, याचं मला फार नवल वाटतं.

१८ ऑक्टोबर २०१३ ला माँट्रियलमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं हीच कल्पना उतरवणारं जी-सिंक जाहीर केलं. जॉन कार्मॅक, टिम स्वीनी आणि योहान अँडरसन हे खेळ घडवणाऱ्यांतले मोठे लोक त्या मंचावर होते. एनव्हिडियाचा मार्ग असा: मॉनिटरच्या आत पडदा हाकणारा जो नेहमीचा बोर्ड असतो तो काढायचा आणि आपला बसवायचा. त्यावर हवी तशी जोडणी करता येणारी महागडी चिप आणि स्वतःची मेमरी. पडदा पूर्ण ताब्यात, पण किंमत जास्त आणि कार्डही एनव्हिडियाचंच हवं.

तीन महिन्यांच्या आत, जानेवारी २०१४ मध्ये, लास वेगासला तिच्या स्पर्धक एएमडीनं साध्या लॅपटॉपवर तेच करून दाखवलं. वेगळा बोर्ड नाही, वेगळी चिप नाही. प्रयोगात पडद्यावर फिरत होती एक पवनचक्की. शेजारच्या साक्रीच्या पठारावर ब्राह्मणवेलकडे ज्यांची पाती रोज बघायला मिळतात त्यांना कळेल की निवड किती नेमकी होती: संथ, सलग फिरणाऱ्या पात्यात जराशी चीर किंवा अडखळ आली तरी ती लगेच डोळ्यांत भरते. लॅपटॉपला हे जमलं कारण त्यांच्या पडद्यांच्या जोडणीत रिकामी जागा ताणायची सोय आधीपासून होती. ती ठेवली होती बॅटरी वाचवण्यासाठी. चित्र बदलत नसेल तर पडदा उगाच पुन्हापुन्हा कशाला रंगवायचा, एवढाच त्यामागचा विचार. काटकसरीसाठी केलेली सोय वेगवान खेळांच्या कामी आली!

मे २०१४ मध्ये पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेनं ही सोय अडॅप्टिव्ह-सिंक या नावानं संगणक आणि मॉनिटर जोडणाऱ्या डिस्प्लेपोर्टच्या १.२ए मानकात घातली. मार्च २०१५ पासून याच सोयीवर चालणारे एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर लोकांच्या टेबलावर येऊ लागले. मानक खुलं होतं, परवान्याचे पैसे नव्हते, त्यामुळे स्वस्त मॉनिटरमध्येही ते आलं.

आता खरी कारागिरी. एलसीडीतले स्फटिक एका छटेतून दुसरीत जायला वेळ घेतात. ते लवकर वळावेत म्हणून त्यांना गरजेपेक्षा थोडा जास्त धक्का देतात. कमी दिला तर हलत्या वस्तूमागं शेपूट दिसतं, जास्त झाला तर कडेला उजळ रेघ उमटते. पुढची फ्रेम कधी येणार हे ठाऊक असेल तर धक्का मोजून देता येतो. इथं तर तेच ठाऊक नाही. त्यामुळे आधीच्या फ्रेम किती वेळानं आल्या ते बघून पुढचीचा अंदाज बांधावा लागतो, आणि तोही सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी वेळात. जी-सिंकच्या बोर्डाचं खरं कसब या अंदाजात होतं. सुरुवातीचे कित्येक फ्रीसिंक मॉनिटर इथं कमी पडले.

दुसरी अडचण थांबण्याच्या मर्यादेची. प्रत्येक ठिपक्याचा विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणून पडदा फार वेळ थांबला तर उजेड हलतो. कार्ड सेकंदाला ३० च फ्रेम देत असेल आणि पडदा ४८ हर्ट्झच्या खाली जाऊ शकत नसेल, तर? तेव्हा प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची. फ्रेम ३० च्या, पडदा ६० वर, दोघंही तालात. जुने सिनेमाचे प्रोजेक्टरही लुकलुक कमी करायला प्रत्येक फ्रेमवर झडप दोनदा उघडत. तीच युक्ती नव्या कामाला लागली. यासाठी पडद्याचा वरचा वेग खालच्या वेगाच्या दुपटीहून बराच जास्त हवा. ४८ ते १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला हे सहज जमतं, ४८ ते ७५ च्या मॉनिटरला जमत नाही.

स्पर्धेचा शेवट मला फार समाधानाचा वाटतो. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानं आपल्या कार्डांना खुल्या अडॅप्टिव्ह-सिंकचे मॉनिटर चालवू द्यायचं ठरवलं. तपासलेल्या सुमारे ४०० मॉनिटरपैकी पहिल्या खेपेला १२ च तिच्या कसोटीला उतरले. यात दोन्ही बाजूंचं खरेपण दिसतं: खुल्या मानकानं दार सगळ्यांना उघडलं, आणि महागड्या बोर्डानं चांगलं म्हणजे किती चांगलं ते दाखवून दिलं. त्याआधीच, २०१७ मध्ये, टीव्हीच्या जोडणीचं मानक असलेल्या एचडीएमआय २.१ नंही ही सोय घेतली आणि ती दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत गेली. २०२२ मध्ये व्हेसानं स्वतःची कसोटी आणि शिक्का आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये एनव्हिडियानं जाहीर केलं की मीडियाटेकबरोबर काम करून जी-सिंकचं कसब मॉनिटरच्या नेहमीच्या चिपमध्येच बसवणार, वेगळ्या बोर्डाची गरज राहणार नाही. कोडी अजून उरली आहेतच. ओएलईडी पडद्यांवर वेग झपाट्यानं वरखाली झाला की अंधाऱ्या दृश्यात उजेड लुकलुकतो, कारण त्यांच्या उजेडाची पातळी एका ठरावीक वेगाला जुळवलेली असते.

हे तंत्र सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगाचं? भारी कार्ड असलेला माणूस तसाही पडद्याच्या वेगाला पुरा पडतो. शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या ज्या मुलानं पैसे साठवून बेताचं कार्ड घेतलं आहे, त्याच्या खेळात फ्रेम ५० ते ६० च्या मध्ये हेलकावतात. व्ही-सिंकनं त्याला ३० वर ढकललं असतं. थांबता येणारा पडदा त्याला ५३ फ्रेम असतील तर त्या त्रेपन्नच्या त्रेपन्न सलग दाखवतो. नवी फ्रेम तो निर्माण करत नाही; कार्डानं केलेल्या कष्टातलं काही वाया जाऊ देत नाही. परवान्याचे पैसे न लागणारं मानक नसतं तर ही सोय त्या मुलाच्या आवाक्यात आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

मॉनिटर आणल्यावर ही सोय त्याच्या मेन्यूत आणि ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागते. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरावी. फ्रेमची वरची मर्यादा पडद्याच्या कमाल वेगाहून दोन-तीननं खाली बांधावी, कारण फ्रेम त्याच्या वर गेल्या की चीर परत येते. आणि दुकानात उभे असाल तेव्हा खोक्यावरचा १४४ किंवा १८० चा मोठा आकडा वाचून थांबू नका. खालचा आकडा विचारा. पहिला सांगतो पडदा किती धावतो. दुसरा सांगतो तो तुमच्या फ्रेमसाठी किती थांबतो. ४८ असेल तर जवळपास २१ मिलिसेकंद. आणि वरचा आकडा त्याच्या अडीच पट असेल, तर कार्ड कितीही दमलं तरी पडदा त्याची साथ सोडणार नाही.