उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द मराठीने फारसीतून उचलला आणि त्याला दोन निरनिराळ्या घरी नांदायला धाडले. निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार. आणि आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करीत बसतो, तोही उमेदवारच. पहिल्याच्या गळ्यात हार, दुसऱ्याच्या काखेत दप्तर. 'उमेद' म्हणजे आशा, एवढेच काय ते दोघांत समान! निजामाच्या अमदानीत वाढलेल्या आमच्या मराठवाड्याला ही दुसरी जात विशेष परिचयाची. अमक्याच्या आजोबांनी तहसिलीत दोन वर्षे उमेदवारी केली तेव्हा कुठे कारकुनी लाभली, असे जुन्या घरांतून अजूनही सांगतात.

हा शब्द आज आठवण्याचे कारण असे की, अलीकडे नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून एका नव्या उमेदवारीची कुजबुज ऐकू येऊ लागली आहे. 'लातूर पॅटर्न'ने आमच्या मुलांना मेडिकलच्या दाराशी रांगेत उभे केले, हे सर्वविश्रुत आहे. त्या रांगेत न बसणारी, राज्यशास्त्र, समाजकार्य, इतिहास शिकणारी जी मुले-मुली उरतात, त्यांच्यातल्या एखाददुसरीच्या कानावर 'यूएनडीपी' हे नाव येते. संयुक्त राष्ट्रसंघाचा हा विकास कार्यक्रम. १९६५ साली दोन जुन्या योजना एकत्र करून तो जन्माला आला, सुमारे १७० देशांत त्याचे काम चालते, आणि दिल्लीत लोदी इस्टेटमध्ये त्याची कचेरी आहे. तेथे निरनिराळ्या खात्यांत विद्यार्थ्यांना काही काळ काम शिकता येते. त्यांपैकी एका खात्याचे नाव घेऊन एम. ए.च्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली.

"सर, 'डेमोक्रॅटिक गव्हर्नन्स अँड पीसबिल्डिंग'ला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हटले, "परीक्षेला आहे का?"

"नाही सर, घरी सांगायचंय. बाबा विचारतात, तिथं जाऊन नेमकं करणार काय?"

वाचकहो, प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला साजेसाच होता, पण उत्तर कोशात मिळण्याजोगे नव्हते. 'लोकशाही शासनव्यवहार आणि शांतता-निर्मिती' असे भाषांतर मीही क्षणभरात करून टाकले असते, पण उदगीरकडच्या एका शेतकऱ्यापुढे ते ठेवले तर तो मान डोलावील आणि पुन्हा विचारील, "म्हणजे काय?" पहिल्या अर्ध्याची सोय लवकर लागली. 'गव्हर्नन्स' म्हणजे कारभार. सरकार निराळे आणि कारभार निराळा, हे खेड्यातल्या माणसाला आपल्याला शिकवावे लागत नाही. दुसऱ्या अर्ध्यापाशी मात्र थांबावे लागले. 'पीसबिल्डिंग' हा शब्द योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या पंडिताने १९७० नंतरच्या दशकात रूढ केला आणि राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांच्या १९९२ च्या अहवालाने तो जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचविला. त्यामागचा विचार साधा आहे. लढाई थांबविणे हे एक काम, आणि ती पुन्हा पेटू नये म्हणून कोर्ट, पंचायत, पाणी, जमीन, रोजगार यांची घडी बसविणे हे दुसरे. हे दुसरे काम म्हणजे बांधणी. मराठवाड्यात 'बांध' म्हटले की शेतकऱ्याला पहिल्याने भांडण आठवते, कारण आमच्याकडचे निम्मेअधिक तंटे दोन शेतांमधल्या त्या हातभर मातीवरून होतात. तेव्हा मी त्या मुलीला सांगितले, "बाबांना सांग, बांधावरचं भांडण पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं लागतं, ते शिकायला चालले."

बाबांनी यावर दुसरा प्रश्न विचारला म्हणे, "पगार किती?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रसंघाच्या सचिवालयात ही उमेदवारी अगदी तहसिलीतल्या आजोबांसारखी, बिनपगारी. २०१५ साली जिनिव्हात न्यूझीलंडचा एक तरुण भाडे परवडत नाही म्हणून तळ्याकाठी तंबूत राहून या कामावर जात होता. ती बातमी जगभर छापून आली, आणि मानवी हक्कांचा घोष करणाऱ्या संस्थेच्या दारातच हा प्रकार म्हणून बरीच शोभा झाली. यूएनडीपीने २०२० पासून आपल्या उमेदवारांना मासिक विद्यावेतन देण्यास सुरुवात केली, हे तिच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. पण जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याची सोय, परदेशी असेल तर व्हिसा, हे सारे ज्याचे त्याने पाहावयाचे. मुदत सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत. अर्ज करणारा पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदव्युत्तर वर्गात शिकत असावा, नाही तर नुकताच, म्हणजे वर्षाच्या आत, उत्तीर्ण झालेला असावा. आणि अर्ज, मुलाखत, काम, सगळे प्रायः इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या मुलाला दिल्लीत एखादा काका सापडतो. देगलूरच्या मुलीला तो सापडेलच असे नाही. त्यातून परदेशी मदतीचा ओघच आटत चालला आहे. अमेरिकेने २०२५ साली आपली परकीय साहाय्याची संस्था मोडीतच काढली. अशा वेळी उमेदवारांच्या जागा वाढतील अशी आशा कशी धरावी?

तिथे काम काय असते, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. कोणी त्यांना दोन सैन्यांच्या मध्ये पांढरे निशाण देऊन उभे करीत नाही. अहवाल वाचावयाचे, त्यांचे सार काढावयाचे, बैठकीचे टिपण करावयाचे, तक्ते भरावयाचे. थोडक्यात, खर्डेघाशीच, फक्त बोरूच्या जागी संगणक आला आहे. मात्र त्या टिपणांतून जगात कारभार कसा चालतो आणि कोठे मोडतो, याची जी ओळख होते ती वर्गात होत नाही. मी कोणाला नाउमेद करण्यासाठी हे लिहीत नाही.

मला खटकते ते निराळेच. आमची मुले अर्जात लिहितात की, आपल्याला या विषयाचा काही अनुभव नाही. लातूरच्या मुलीने असे लिहावे?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती बोळवून गावे उशिरा निजलेली. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी गणनेप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. धक्का मोठा होताच, पण माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या हातहातभर रुंद भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे जड माळवद; तेच अंगावर आले. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसविली. त्यांची छायाचित्रे पुष्कळ छापून आली. त्यामानाने ज्याची वाच्यता झाली नाही ते काम म्हणजे तडे गेलेल्या, पण उभ्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती. अशी घरे तेरा जिल्ह्यांत पसरलेली, दोन लाखांच्या आसपास. पैसा सरकारने हप्त्याहप्त्याने द्यावयाचा आणि दुरुस्ती घरमालकाने स्वतः करून घ्यावयाची, अशी योजना.

कागदावर योजना उत्तम होती. पण हप्ता कधी मिळतो, कशाचा मिळतो, भिंतीला कोपऱ्यात बांधून घेणे म्हणजे काय, हे घरोघर कोणी सांगावयाचे? ओव्हरसियर एक आणि गावे अनेक. शिवाय ज्या माणसाने डोळ्यांदेखत दगडाची भिंत कोसळताना पाहिली, तो तीच भिंत मजबूत होऊ शकते यावर विश्वास कसा ठेवणार? येथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन या तिच्या संस्थापक. २०२२ साली त्या वारल्या. सरकारने लोकसहभागाचे काम या संस्थेकडे सोपविले, आणि बाराशेंहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले.

संवाद सहायक! सरकारी परिभाषेत इतका बरा शब्द क्वचित सापडतो. बहुतेकींनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतीत बायकांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या होत्या, पण जागा मिळणे निराळे आणि तेथे बसून बोलणे निराळे. या बायकांनी बोलायचा सराव केला तो भिंतींवरून. यादीत कोणाचे नाव आहे, कोणाचे गळले, हप्ता कुठे अडला, सिमेंट कुठे गेले, हे त्या इंजिनिअरला, ग्रामसेवकाला, पुढे तहसीलदाराला विचारू लागल्या. 'डेमोक्रॅटिक गव्हर्नन्स' म्हणून न्यूयॉर्कमध्ये ज्याची जाडजूड पुस्तके निघतात, ते याहून काय निराळे असते?

२००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छात गेल्या आणि भाषा येत नसता तिथल्या बायकांशी भिंतींबद्दल, याद्यांबद्दल बोलल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत गेल्या. १९९९ च्या भूकंपात घरे गमावलेल्या तुर्कस्तानच्या बायकांशीही त्यांची देवाणघेवाण झाली. आणि गंमत पाहा, २०१६ साली 'स्वयं शिक्षण प्रयोगा'ला 'इक्वेटर' पारितोषिक मिळाले ते यूएनडीपीच्या पुढाकाराने दिले जाणारे. म्हणजे ज्या दारात आमची मुलगी अनुभव नाही म्हणून खाली मान घालून उभी आहे, त्या दारातून तिच्या मावशी-आत्यांचा सत्कार होऊन गेला आहे!

पण नुसती गौरवाची पाने चाळून भागावयाचे नाही. शांततेची बांधणी शिकावयाची तर जिथे ती मोडली ती ठिकाणेही पाहिली पाहिजेत, आणि ती दूर नाहीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यापूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार आम्ही दर १७ सप्टेंबरला सांगतो, आणि सांगावेतच. परंतु मुक्तीच्या पाठोपाठ मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगविला गेला, त्याची पाहणी करण्यासाठी आणि मने सांधण्यासाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घातली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. सलोख्याची अशी शिष्टमंडळे राष्ट्रसंघ आज देशोदेशी पाठवितो. आमच्या गावी एक येऊन गेले, हे आमच्या पदवीधरांना ठाऊक नसते.

दुसरे पान १९७८ चे. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने दुसरे विद्यापीठ निघाले. ज्या विद्यापीठाच्या पदवीवर आमची मुले अर्ज करतात, त्याच्या जन्माच्या आसपासचा हा इतिहास आहे.

म्हणूनच २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेकडे मी थोड्या सावध कौतुकाने पाहतो. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ती निघाली. ग्रामसभेने समिती नेमावयाची, दिवाणी, महसुली, किरकोळ फौजदारी तंटे गावात समोरासमोर बसून मिटवावयाचे आणि चांगले काम करणाऱ्या गावाने बक्षीस मिळवावयाचे. भावाभावांचे, वर्षानुवर्षे कोर्टात कुजणारे बांधाचे दावे अशाने सुटत असतील तर त्यापरते पुण्य नाही. मात्र गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त' अशी पाटी लागली की दुबळ्याच्या तक्रारीला तोंड उघडणे अवघड जाते. 'आपल्या गावाचं बक्षीस जाईल' हा युक्तिवाद कोणाच्या तोंडून कोणाला ऐकविला जातो, ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे. बाईवरचा अत्याचार किंवा जातीवरून झालेली मारहाण हा तंटा नव्हे, तो गुन्हा आहे; तो चावडीवर मिटवावयाचा नसतो. शांतता आणि शुकशुकाट यांतला फरक ज्या उमेदवाराला कळला, त्याला दिल्लीच्या मुलाखतीत फारसे काही शिकून जावे लागणार नाही.

पाण्याचीच गोष्ट घ्या. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात टँकर भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील या भीतीने जमावबंदी लागू करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. पाचापेक्षा अधिक माणसांनी नळाजवळ जमू नये, असा हुकूम ज्या शहरात निघाला, तिथल्या मुलाने 'संघर्ष आणि साधनसंपत्ती' हा निबंध परदेशी पुस्तकांतली उदाहरणे उतरवून लिहावा, हे मला एक शिक्षक म्हणून पाहवत नाही. घागर घेऊन त्या रांगेत तो स्वतः उभा होता. कोणी रांग लावली, कोण मध्ये घुसले, कोणाचे ऐकले गेले, एवढे त्याने आपल्या मराठीत लिहून काढले तरी पाने भरतील. इंग्रजी मग करता येईल.

त्या मुलीच्या अर्जातून 'अनुभव नाही' हे वाक्य मी काढायला लावले. तिची आजी औसा तालुक्यातली. तडे गेलेल्या घराच्या दुरुस्तीचा हप्ता तिने कसा मिळविला, ते मुलीने ऐकलेले होते, लिहिलेले नव्हते. ते लिहून झाले. ज्यांना दिल्लीचे भाडे अजून जमत नाही, त्यांच्यासाठी जवळची दारेही आहेत. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ साली निघाली, मध्ये खंड पडला आणि २०२३ पासून पुन्हा चालू झाली. तिला मानधन आहे.

आणि एक शाळा तर गावातच आहे, तिला अर्जही लागत नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या पंधरा टक्क्यांची किंवा शंभर माणसांची, यांत जी कमी ती. ती होते की नुसत्या सह्या घरोघर फिरवून केली जाते, हे वही घेऊन पाहावे. बायका कोठे बसतात, किती बोलतात, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात उतरते का, तेही टिपावे. नेहमीच्या तारखांत दिवाळीनंतर पहिली येते ती २६ जानेवारी. झेंडावंदन आटोपल्यावर माणसे चहाकडे वळतात, तेव्हा ग्रामसेवक कोणाच्या तरी हातात रजिस्टर देतो. तिथपासून लिहायला सुरुवात करावी.