हौसेची दुसरी मोटार

घरांत एक मोटार असतां दुसरी कशाला, हा प्रश्न एकत्र कुटुंबांतील वडील माणसें विचारणारच, आणि त्यांनीं तो विचारावा हें योग्यच आहे. त्यांतून ही दुसरी गाडी कचेरीला, देवदर्शनाला किंवा लग्नकार्याला जाण्यासाठीं नसून केवळ शर्यतीच्या मार्गावर वेगानें पळविण्यासाठीं घ्यावयाची आहे, असें कळल्यावर चिरंजीवांचें डोकें ठिकाणावर आहे ना, अशी शंका आजोबांस आल्यावांचून राहणार नाहीं. आम्हांसही ती प्रथम आली होती. परंतु हा नाद आतां सुशिक्षित घरांतील कित्येक मुलांस, आणि कांहीं मुलींसही, लागलेला आहे. तेव्हां नुसतें रागें भरण्यापेक्षां तो घरास न बुडवितां कसा पुरवितां येईल, याचा विचार केलेला बरा.

‘ट्रॅक-डे’ म्हणजे शर्यत नव्हे. शर्यतींसाठीं बांधलेला मार्ग एखादा दिवस ठरवून घेतात, आणि हौशी मंडळी वर्गणी भरून आपापल्या गाड्या त्यावर चालवितात. तेथें बक्षीस नसतें, पहिला-दुसरा नंबर नसतो. मागून येणाऱ्या वेगवान गाडीस ठरलेल्या जागीं खूण करून पुढें जाऊं द्यावयाचें असतें. समोरून वाहन येत नाहीं, गाय आडवी येत नाहीं, कोणाचें मूल चेंडूमागें धांवत येत नाहीं. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची खुमखुमी जिरविणारा मुलगा जर तेथें जाऊन ती जिरवूं लागला, तर त्यांत समाजाचा लाभच आहे. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें १९९० सालीं सुरू झालेला सुमारें ३.७ किलोमीटरांचा मार्ग, कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरांचा ‘करी मोटर स्पीडवे’, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील २०११ सालचा ५.१२५ किलोमीटरांचा ‘बुद्ध’ मार्ग, हे तीन प्रसिद्ध आहेत. पुण्याहून चेन्नई हजार किलोमीटरांहून अधिक दूर, हें मात्र आरंभींच ध्यानांत ठेवावें. गाडी ट्रकावरून न्यावयाची कीं चालवीत न्यावयाची, यावर तिची निवड पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

मग घरची चांगली गाडी आहे तीच कां नेऊं नये? याचें उत्तर विम्याच्या कागदांत आहे. आपल्याकडील नेहमींच्या मोटार-विम्यांत संघटित शर्यत, वेगाची चांचणी वगैरे उपयोग स्पष्ट शब्दांत वगळलेले असतात. वळणावर घसरून गाडी कठड्यावर आदळली, तर कंपनी एक पैसाही देईल असें धरून चालूं नये. आणि रात्रीं आजींस दम लागला असतां रुग्णालयांत न्यावयाची ती हीच गाडी! म्हणून आमचें मत असें कीं, या खेळासाठीं घ्यावयाच्या गाडीची पहिली कसोटी तिचा वेग नव्हे. ती उद्यां पूर्ण नष्ट झाली, तरी घरांतील कोणाचेंही शिक्षण, औषध वा मंगलकार्य अडूं नये, एवढ्याच किंमतीची ती असावी. कर्ज काढून तर ती घेऊंच नये.

दुसरी कसोटी हलकेपणाची. चालत्या वस्तूंतील शक्ति तिच्या वजनाच्या प्रमाणांत, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें पदार्थविज्ञानांत आपण सर्वच शिकलों आहों. माणसासह चौदाशें किलो भरणारी गाडी ताशीं १२० किलोमीटरांवरून ६० वर आणली, आणि ती सारी शक्ति ब्रेकांत उष्णतारूपानें उतरली असें धरलें, तर तेवढ्या उष्णतेनें २० अंशांचें सुमारें पावणेदोन लिटर पाणी उकळीस येईल. सातशें किलोंच्या गाडीस त्याच्या निम्मीच उष्णता. आतां असे ब्रेक एका फेरींत अनेक वेळां, आणि फेऱ्या एकामागून एक! जड गाडीचे ब्रेक, टायर व पेट्रोल यांचा खर्च कसा फुगतो हें गृहिणींस निराळें सांगावयास नको.

इंग्लंडांत कॉलिन चॅपमन या स्थापत्यशास्त्र शिकलेल्या गृहस्थानें हें मर्म फार लौकर ओळखलें. त्याची १९५७ सालची ‘लोटस सेव्हन’ जेमतेम पांचशें किलोंची होती. तिच्या धर्तीवरील गाड्या ‘केटरहॅम’ नांवानें १९७३ पासून निघत आल्या आहेत. पुढें १९८९ सालीं जपानच्या माझदा कंपनीनें ‘एमएक्स-५’ ही दोनच आसनांची हलकी गाडी काढली. विलायतेंतील हौशी लोक अशा जुन्या गाडीवर बेहद्द खूष असतात. परंतु माझदानें ती येथें विकली नाहीं, आणि परदेशची गाडी जकात भरून आणणाऱ्यानें हा लेख वाचण्याचें कारण नाहीं.

आपल्या मुलखांत त्यांची जागा ‘मारुति’नें घेतली आहे. डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आलेली व २०१४ पर्यंत निघत राहिलेली ‘मारुति ८००’ सुमारें साडेसहाशें किलोंची. ७९६ घनसेंटिमीटरांचें तीन नळकांड्यांचें तिचें इंजिन. याच इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुति’ या शर्यतीच्या गाड्या बांधल्या गेल्या, आणि पुढें २००५ सालीं ‘फॉर्म्युला वन’मध्यें उतरणारा पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन यानें त्याच गाड्यांतून आरंभ केला. तथापि निवड आमच्या हातीं असेल तर आम्ही १९९३ ते २००६ या काळांतील ‘झेन’ घेऊं. वजन साडेसातशें किलोंच्या आसपास, ९९३ घनसेंटिमीटरांचें पन्नास अश्वशक्तीचें खुषीनें फिरणारें इंजिन, आणि बसकी बांधणी. हा बसकेपणा महत्त्वाचा आहे. ‘नॅनो’ तर याहूनही हलकी. पण ती उंच व अरुंद. उंच गाडी वळणावर कलते आणि बाहेरील चाकांवर सारा भार टाकते. ‘एस्टीम’ही चांगली, जोरही अधिक; परंतु वजनानें थोडी वरची.

गाडी पाहावयास जातांना रंगावर व गाद्यांवर भाळूं नये. सतरंजी उचलून तळाचा पत्रा पाहावा, पुढील स्प्रिंगा जेथें वर टेकतात ती जागा पाहावी, जॅक लावण्याची जागा बोटानें दाबून पाहावी. इंजिन जुनें मिळेल, दुरुस्तही होईल. गंजलेला सांगाडा दुरुस्त होत नाहीं. शेजारचा अनुभवी मेस्त्री बरोबर न्यावा व त्याचें ऐकावें. (चिरंजीव ऐकणार नाहींत, म्हणून काकांनींही जावें.) खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें तपासणीनंतर वाढवून घ्यावी लागते, तेव्हां तें पुस्तकही पाहावें.

विकत घेतल्यावर इंजिनाचा जोर वाढविण्याच्या फंदांत पडूं नये. मागील आसन, जादा चाक, सतरंज्या व वाजविण्याचें यंत्र काढून टाकावें. हा हलकेपणा फुकट मिळतो. पैसा घालावयाचा तो टायर, ब्रेकांचे पॅड व ब्रेकांचें तेल यांत. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. ‘डॉट ३’ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश. ओलावा मुरल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो असें मानक आहे. ‘डॉट ४’चे तेच आंकडे २३० व १५५. तेल उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक सरळ तळाशीं जातो. दोनचारशें रुपयांच्या कंजुषीनें जीव जावयाचा!

एक गोष्ट वडीलधाऱ्यांपासून लपवूं नये: हलक्या जुन्या गाडीचा पत्रा पातळ असतो, आणि तींत आजच्या गाड्यांसारखीं रक्षणाचीं साधनें नसतात. चांगलें शिरस्त्राण, पट्टे आणि आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा, यांवर खर्च केल्याशिवाय तिला मार्गावर नेऊं देऊं नये. ‘बुद्ध’ मार्गाची एक सरळ पट्टी किलोमीटरहून लांब आहे. तेथें मोठ्या गाड्या ताशीं दोनशेंच्या वर जातात, तेव्हां आपली झेन त्यांच्या वाटेंतील धोंडा होते. नवशिक्यानें प्रथम कोइमतूरच्या आंखूड मार्गावर, लहान गाड्यांच्या संगतींत जावें.

चार-पांच वेगाच्या फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न लावतां सावकाश काढावी, म्हणजे सर्व भाग निवतात. आणि गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढूं नये. तापलेले भाग एकमेकांस चिकटतात. गियर टाकून ठेवावा, आणि चाकामागें एक वीट लावावी.