त्याच हाडांची दुसरी साक्ष

मूल आईच्या पोटात चार महिन्यांचे होते न होते तोच त्याच्या दुधाच्या दातांवर कवच चढू लागते. त्या काळात आईची उपासमार झाली, तिला मोठे दुखणे आले किंवा जन्मानंतर बाळच आजारी पडले, तर तेवढ्या दिवसांचे कवच कच्चे राहते आणि दातावर खाच किंवा खळगा उरतो. कातडी भरून येते, मोडलेले हाड सांधते. दाताचे कवच मात्र एकदा बनले की शरीर त्याची डागडुजी करत नाही. म्हणूनच तीन हजार वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका बाईला पोटभर मिळत होते का, हे आज तिच्या बाळाच्या इवल्याशा सुळ्याला विचारता येते. थक्क व्हावे अशीच ही गोष्ट आहे.

हे सुळे इनामगावचे. गाव घोड नदीच्या काठी आहे. हीच नदी पुढे दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांनी इथे उत्खनन केले. निघाली ती तांब्या-दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतची. नऊशे वर्षे एका जागी! शंभराहून अधिक घरे उकरली गेली. त्यांत पाच खोल्यांचे एक घर होते, ते प्रमुखाचे असावे, आणि शेजारी धान्याचे कोठार. पुराचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि त्याला दगडमातीचा बांध होता. मुख्य पीक सातू. दौंड तालुक्यात मुळा-मुठा आणि भीमेच्या संगमाजवळ वाळकीला याच लोकांची छोटी वस्ती सापडली. तिथे गुराच्या हाडाचा फाळ मिळाला. ऊस यायच्या कितीतरी आधी या मातीत नांगर फिरत होता.

मेलेली माणसे ते घरातच पुरत. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत त्याला निजवून घराच्या जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांची पावले घोट्यातून तोडलेली आढळतात. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ही भुताची भीती होती की आपल्या माणसाने घर सोडू नये अशी माया, हे हाड सांगत नाही. पण या रिवाजामुळे शेकडो दफने, त्यांतली बहुतेक मुलांची, जशीच्या तशी राहिली. लेकरांची हाडे नाजूक, ती सहसा मातीत विरून जातात. इनामगावला ती मडक्यांत सांभाळली गेली.

इ.स.पू. १०००च्या सुमारास या गावात काहीतरी बिनसले. ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. तीनशे वर्षांनी वस्तीच उठली. का? ढवळीकरांचे उत्तर होते: हवामान कोरडे झाले, शेती पिकेना, म्हणून लोक शेळ्यामेंढ्यांकडे आणि शिकारीकडे वळले, अर्धे भटके झाले. आपल्या भागात मेंढरे घेऊन फिरणारे धनगर पाहिलेल्या माणसाला हे चित्र लगेच पटते. ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी मुलांचे सुळे तपासले. उतरत्या काळातल्या मुलांच्या दातांवर ताणाच्या खुणा कमी दिसल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की शेती सुटली, दाट वस्ती पांगली, खाण्यात विविधता आली आणि लेकरांना ते मानवले.

मग ग्वेन रॉबिन्स शुग यांनी हीच मुले पुन्हा पाहिली. त्यांची पीएच.डी. लुकाक्स शिकवत त्याच ओरेगॉन विद्यापीठातली. त्यांनी दाताबरोबर मांडीच्या हाडाला प्रश्न विचारला. दातांच्या वाढीवरून मुलाचे वय कळते आणि हाडाच्या लांबीवरून उंची. मांडीचे हाड मध्यभागी किती जाड आहे त्यावरून वजनाचा अंदाज येतो, कारण शरीराचा भार वाढेल तसे हाड स्वतःला जाड करत जाते. हे तिन्ही जुळवले तेव्हा उतरत्या काळातली मुले वयाच्या मानाने खुरटलेली, हडकुळी निघाली. हवामानाच्या नव्या नोंदीही त्यांनी चाळल्या. दख्खनचा हा पट्टा आधीपासूनच निमकोरडा होता, इ.स.पू. १०००ला आभाळाने अचानक पाठ फिरवल्याचे त्यांना दिसले नाही. त्यांच्या २०११च्या पुस्तकाचा रोख असा आहे की दोष एकट्या पावसावर टाकता येत नाही. वाढती जन्मसंख्या, त्याच जमिनीतून अधिकाधिक काढण्याची धडपड आणि खालावलेला परिसर, या सगळ्याचा हिशेब मांडावा लागतो.

हाही शेवटचा शब्द नव्हे. मडक्यातली मुले म्हणजे दगावलेली मुले. त्यांच्याबरोबर खेळलेली, जगून मोठी झालेली मुले या मोजमापात येतच नाहीत. हाडांवरून गावाचे आरोग्य सांगताना ही पंचाईत नेहमीच असते.

तरी मला आशा वाटते ती या मतभेदातूनच. पहिले वाचन सांगते की आभाळ फिरले तरी माणूस जगण्याची तऱ्हा बदलू शकतो आणि त्याची लेकरे तगतात. दुसरे सांगते की सगळे आभाळाच्या हाती नव्हतेच. बरेचसे शेतात ठरत होते. दोन्ही वाचनांत माणसाच्या हाती काहीतरी उरते. मला दुसरे अधिक उपयोगाचे वाटते, कारण ते अधिक बोचते. आजही हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत. शिरूरला घोड आणि चासकमानचे पाणी आहे, दौंडला खडकवासल्याचा कालवा, आणि त्या पाण्यावर पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटरची तहान असलेला ऊस उभा आहे. विहीर आटली की पारावर पहिले वाक्य येते, ‘पाऊसच राहिला नाही.’ ते खोटे नसते. पण त्याच पारावरचा दुसरा कोणी ‘पाणी गेले कुठे?’ असे विचारतो, तेव्हाच पीकपद्धतीचा, ठिबकचा, उपशाचा विषय निघतो. पावसावर ठराव करता येत नाही, उपशावर येतो.

वाद घालणाऱ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. रॉबिन्स शुग आणि वाळिंबे यांनी २०१६ मध्ये दक्षिण आशियाच्या भूतकाळावरचा एक मोठा ग्रंथ मिळून संपादित केला. आपल्याकडे मत जुळले नाही की आधी बोलणे बंद होते!

हे सगळे शक्य झाले ते खोदणाऱ्यांनी हाडे नोंदी करून जपली म्हणून. शिरूर-दौंडच्या नदीकाठांवर जुन्या वस्त्यांच्या पांढरी, म्हणजे मातीची टेकाडे, अजून आहेत. खत म्हणून ती माती शेतात पडते आणि सपाटीकरणात जेसीबीखाली जाते. तुमच्या रानात रंगीत खापरे, हाडे किंवा तोंडाला तोंड लावलेली मडकी निघाली, तर काम थांबवा, जागेवरच फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवा. उकरून घरी आणू नका. कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे एकदा गेले की परत मिळत नाही.