‘मामा’ म्हणजे बाप

जॉर्जियाच्या मुलखात, म्हणजे तेथील लोक ज्यास ‘साकार्तवेलो’ म्हणतात त्या कॉकेशस पर्वतालगतच्या देशात, लेकरू ‘मामा’ अशी हाक मारते ती बापास, आणि आईस म्हणते ‘देदा’. हे प्रथमच ऐकणाऱ्याची बहुधा अशी समजूत होते की, साऱ्या जगाने मान्य केलेला शब्द या लोकांनी उलटा करून ठेवला. वास्तविक असा करार जगाने कधी केलेलाच नाही, आणि ज्याच्या घरी ‘मामा’ हा आईचा भाऊ असतो त्या मराठी माणसाने तरी यास विपरीत म्हणू नये. दूध पिताना अर्भकाच्या नाकावाटे निघणारा हुंकार आईशी कसा निगडित होतो, याची मार्मिक उपपत्ती रोमान याकोबसन या भाषापंडिताने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडली आहे खरी. परंतु ती कल दाखविते, नियम सांगत नाही.

रशियन भाषेत ‘देद’ म्हणजे आजोबा, सबब ‘देदा’ हा त्याचाच अपभ्रंश असावा, हा तर्कही फोल आहे. जॉर्जियन ही मेग्रेली, लाझ आणि स्वान यांच्यासह एका स्वतंत्र भाषाकुलाची आहे, आणि रशियाचा अंमल १८०१ साली सुरू होण्यापूर्वी कित्येक शतके, बायबलच्या प्राचीन जॉर्जियन भाषांतरातही, ‘देदा’ म्हणजे आईच होती.

‘देदा’ हा केवळ घरगुती शब्द आहे, असे मानणे मात्र सर्वांत मोठी चूक. राजधानी ती ‘देदाकालाकी’, म्हणजे मातृनगरी. पृथ्वी ती ‘देदामित्सा’. जुन्या घराचे छत पेलणारा कोरीव मधला खांब तो ‘देदाबोद्झी’. आणि मातृभाषा ती ‘देदाएना’, जे नाव याकोब गोगेबाश्विली यांनी आपल्या १८७६ सालच्या बालबोध पुस्तकास दिले. याच देदाएनेचा राज्यभाषेचा दर्जा सोव्हिएत सत्ता काढून घेऊ पाहते असे दिसताच, १४ एप्रिल १९७८ रोजी तिबिलिसीत हजारो लोक, विशेषतः विद्यार्थी, रस्त्यावर उतरले, आणि सरकारास माघार घ्यावी लागली. ‘मामा’च्या वाट्यास ‘मामाली’ म्हणजे कोंबडा आला, पण धर्मगुरूचे संबोधनही ‘मामाओ’ हेच आहे.

नात्यांच्या बाबतीत मराठी वाचकास तेथे परकेपणा वाटू नये. बापाची बहीण ‘मामिदा’ व आईची बहीण ‘देइदा’. आत्या व मावशी यांचा हा भेद इंग्रजीने गमावला, जॉर्जियनने राखला. मात्र काका व मामा या दोघांसही ‘बिद्झा’ हा एकच शब्द पुरतो, ही आपल्या दृष्टीने मोठीच काटकसर!

रस्त्यात एखादी बाई आपल्या चिमुरड्यास ‘देदा’ म्हणून बोलावते, तेव्हा आपण चुकीचे ऐकले असे परक्यास वाटते. ते चुकीचे नसते: आई मुलास प्रेमाने ‘देदा’, बाप ‘मामा’ आणि आजी ‘बेबो’ म्हणते, म्हणजे बोलणारा आपलेच नाते मुलास बहाल करतो, मुलगा असो वा मुलगी, त्यात फरक पडत नाही.